माइनक्राफ्टचा कोड गचाळ म्हणून मॉड फोफावले, की गचाळ असूनही?

खोदकामगार (धागाकर्ता)

"माइनक्राफ्टचा कोड वाईट आहे" हे वाक्य मॉडच्या (म्हणजे खेळाडूंनी खेळात घातलेल्या बदलांच्या) प्रत्येक चर्चेत कुणीतरी टाकतंच. वाईट म्हणजे नेमकं काय, आणि मॉड लिहिणाऱ्याला ते कुठे टोचतं, यावर मात्र सगळे गप्प. म्हणून हा धागा. बेडरॉक (खेळाची सी++ मधली दुसरी आवृत्ती) बाजूला ठेवू, जावा एडिशनबद्दलच बोलू.

एका आकड्यापासून सुरुवात करतो: २५६. जगाची उंची. १.२ मध्ये (मार्च २०१२) ती १२८ वरून २५६ झाली आणि १.१८ येईपर्यंत तिथेच राहिली. हा आकडा कोडात एका जागी नीट नाव देऊन ठेवलेला नव्हता. कुठे २५६, कुठे २५५, कुठे 'वाय (उंची) चार बिट उजवीकडे सरकवा आणि १६ खणांच्या ॲरेत बघा'. डीकंपाइल केलेल्या (तयार खेळातून उलट काढलेल्या) कोडात २५५ दिसला की तो उंचीचा, रंगाच्या अल्फाचा की बाइट मास्कचा, हे आजूबाजूच्या दहा ओळी वाचल्याशिवाय कळत नाही. त्यात जावाची खोड अशी की 'स्टॅटिक फायनल' साधा आकडा असेल तर कंपायलर तो वापराच्या प्रत्येक जागी थेट चिकटवतो. म्हणजे मूळ कोडात नाव असलं तरी आपल्या हातात नुसता आकडाच येतो, आणि ते फील्ड बदलून काडीचा फरक पडत नाही.

१.१२.२ वर ही मर्यादा काढणारा क्यूबिक चंक्स हा मॉड बघा. त्याला चंक (जगाचा १६×१६ ब्लॉकचा उभा तुकडा), प्रकाश, सेव्ह, रेंडर, जगनिर्मिती सगळीकडे हात घालावा लागला. मग २५५ गृहीत धरून चालणारा जगनिर्मितीचा दुसरा मॉड शेजारी बसवला की भांडण ठरलेलं.

तेच काम १.१७ पासून डायमेन्शन टाइपच्या जेसन फाइलमध्ये दोन ओळींत होतं: तळ आणि उंची. दोन्ही १६ च्या पटीत, तळ −२०३२ च्या खाली नाही, उंची ४०६४ च्या वर नाही. मॉडही नको, डेटापॅक (कोड न लिहिता खेळाचे नियम बदलणाऱ्या फाइली) पुरतो. (४०६४ हौसेने लावू नका. एका चंकचे नेहमी २४ विभाग असतात, तिथे २५४ होतात.)

तर माझं म्हणणं: कोड सुधारला की मॉडला फायदाच होतो. कुणाचं वेगळं मत?

रेडस्टोनवाली

माझं आहे. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरताय. कोड गचाळ असणं वेगळं आणि कोडाला दारं-खिडक्या नसणं वेगळं. २५६ चा त्रास दुसऱ्या प्रकारातला.

पहिल्या प्रकाराचं उदाहरण रेडस्टोनची धूळ, म्हणजे खेळातली विजेची तार. एका धुळीची पातळी बदलली की ती स्वतःच्या आणि सहा शेजाऱ्यांच्या अशा सात जागांवरून प्रत्येकी सहा शेजाऱ्यांना हाक मारते. झाल्या ४२ हाका, त्यातल्या कित्येक त्याच त्या ब्लॉकला पुन्हा. आणि लिव्हर बंद केली तरी तार थेट शून्यावर येत नाही. शेजारची धूळ अजून १४ दाखवतेय म्हणून ही १३ घेते, मग तीच हिच्याकडे बघून १२ घेते, असा जिना उतरत जातो. प्रत्येक पायरीला पुन्हा ४२. शिवाय कुणाला आधी हाक मारायची तो क्रम हॅशसेटमधून (क्रम न राखणाऱ्या यादीतून) येतो आणि हॅश ब्लॉकच्या जागेवरून निघतो. म्हणून एकच सर्किट इथे चालतं आणि चार ब्लॉक पलीकडे हलवलं की बिघडतं.

हा कोड गचाळच आहे. पण तो एका क्लासपुरता बंदिस्त आहे, म्हणून ऑल्टरनेट करंटसारखा मॉड तो अख्खा उचलून बदलू शकला. पेपर या सर्व्हर-सॉफ्टवेअरवर तर मॉडही लागत नाही: कॉन्फिग फोल्डरमधली वर्ल्ड-डिफॉल्ट्सची फाइल उघडा, 'मिस्क' खाली रेडस्टोन-इम्प्लिमेंटेशन शोधा, व्हॅनिलाच्या (मूळ खेळाच्या) जागी ऑल्टरनेट-करंट लिहा, सर्व्हर पुन्हा सुरू करा. आधी जगाची कॉपी काढा. कारण जुन्या क्रमावर विसंबलेली यंत्रं बंद पडतात आणि शिव्या ॲडमिनला बसतात.

खोदकामगार

म्हणजे गचाळपणा चालेल, पण तो एकाच खोलीत राहायला हवा?

रेडस्टोनवाली

अगदी. आणि तो लोकांच्या सवयीचा होण्याआधी काढायला हवा. पिस्टन आपल्या वरच्या रिकाम्या जागेतली वीजही ओळखतो, म्हणजे आपली क्वासी-कनेक्टिव्हिटी. दार दोन ब्लॉक उंच असतं म्हणून दाराच्या कोडात ती तपासणी होती, ती पिस्टनला चिकटली. चूकच होती. पण तिच्यावर इतकी यंत्रं उभी राहिली की आता ती जावा एडिशनची ओळख आहे. बेडरॉकमध्ये नाही, म्हणून जावाची कित्येक यंत्रं तिकडे चालत नाहीत. गंमत म्हणजे पिस्टन स्वतः एका मॉडमधून मूळ खेळात आला, २०११ मध्ये, बीटा १.७ ला.

नवशिका_२१

मध्येच विचारतो, माफ करा. १.२०.१ वर साधारण १२० मॉडचा पॅक आहे, सुरू होतानाच क्रॅश. लॉगमध्ये 'मिक्सिन अप्लाय फेल्ड' आणि 'क्रिटिकल इंजेक्शन फेल्युअर' दिसतं. हा दोष खेळाच्या कोडाचा की मॉडचा?

मिक्सिनमास्तर

बहुतेक वेळा मॉडचा, पण मॉडला तसं वागायला भाग पाडणारा खेळ. आधी उपाय, मग कारण.

क्रॅश-रिपोर्ट फोल्डरपेक्षा लॉग्स फोल्डरमधली 'लेटेस्ट' फाइल उघडा. सगळ्यात खालची नव्हे, 'मिक्सिन' शब्द असलेली पहिली चूक शोधा. तिथे एका जेसन फाइलचं नाव असतं, त्या नावाचा पहिला तुकडा म्हणजे बहुधा मॉडचा आयडी. त्याच ओळीत कुठल्या क्लासमध्ये शिरायचं होतं ते लिहिलेलं असतं. 'अपेक्षित १, जमले ०' असा मजकूर असेल तर मॉडला खूण सापडली नाही. कारणं दोनच: मॉड वेगळ्या व्हर्जनसाठी बांधलाय, किंवा दुसऱ्या मॉडने ती खूण आधीच उचलली.

दुसरा मॉड कोण हे लॉगवरून कळेना, तर अर्धे-अर्धे करा. १२० मधले ६० बाहेर काढा, चालतंय का बघा, मग ३०. सात फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो. लायब्ररी मॉड मात्र आत राहू द्या, नाहीतर प्रत्येक फेरीला 'डिपेंडन्सी नाही' म्हणून वेगळाच क्रॅश येईल. क्लाससुद्धा बघायचा असेल तर जेव्हीएम आर्ग्युमेंटमध्ये मिक्सिनचा डीबग-एक्स्पोर्ट चालू करा. सगळ्या मॉडनी हात मारल्यानंतरचे क्लास खेळाच्या फोल्डरमध्ये 'मिक्सिन आउट' नावाखाली पडतात. ते डीकंपाइल केले की कुणी काय घुसवलं ते डोळ्यांनी दिसतं.

आता कारण. मिक्सिन म्हणजे चालत्या क्लासमध्ये टाका घालणं. 'या फंक्शनमध्ये अमुक कॉल जिथे तिसऱ्यांदा येतो, त्याच्या आधी माझा कोड' असं सांगायचं. फंक्शन वीस ओळींचं असेल तर खूण पक्की. पण जग रेंडर करणारं फंक्शन शेकडो ओळींचं, एकाच श्वासात आकाश, चंक, एंटिटी, ढग, पाऊस. त्यात तोच कॉल अनेकदा. मोजँगने (खेळाच्या कंपनीने) पुढच्या व्हर्जनला वर एक जादा कॉल घातला की तुमचा तिसरा आता चौथा झाला. क्रॅश झालं तर नशीब म्हणायचं! बरेचदा क्रॅश होतच नाही, कोड चुकीच्या जागी निमूट चालत राहतो आणि पाण्यातून बघताना ढग गायब होतात.

मॉड लिहिणाऱ्यांनो, तीन पथ्यं:

रिडायरेक्ट (एक कॉल काढून त्या जागी आपला बसवणं) वापरू नका. एका कॉलवर एकाचाच रिडायरेक्ट बसतो. पहिल्याने तो कॉल आपल्या नावावर केला की दुसऱ्याला तो सापडतच नाही. त्याऐवजी मिक्सिन-एक्स्ट्राजमधलं 'रॅप ऑपरेशन' घ्या. ते एकावर एक दहा मॉड चढवतात. फॅब्रिक या मॉड-लोडरच्या ०.१५ पासून ते आतच येतं.

'कितवा' हा आकडा टाळता येत नसेल तर स्लाइस लावा, म्हणजे शोध दोन खुणांच्या मधेच होईल.

ओव्हरराइट (अख्खं फंक्शन बदलणं) म्हणजे भाड्याच्या घराची भिंत पाडणं. करूच नका, आणि केलंच तर मॉडच्या पानावर ठळक लिहा.

नवशिका_२१

सापडलं. एक मॉड १.२०.४ चा होता. दंडवत _/\_

कारखानदार

मला या धाग्यात फॅक्टोरियो हा कारखाने बांधायचा खेळ आणायचाय, कारण तिथे उलटं चित्र आहे. इंजिन सी++ मध्ये, बंद. मॉड फक्त लुआ या भाषेत, आणि पक्क्या टप्प्यांत. सेटिंग्जचा टप्पा सोडला तर आधी डेटा टप्पा: खेळ सुरू होताना सगळ्या मॉडच्या डेटा फाइल चालतात, मग सगळ्यांच्या डेटा-अपडेट्स, मग सगळ्यांच्या डेटा-फायनल-फिक्सेस. म्हणून 'माझी पाककृती दुसऱ्या मॉडच्या नंतर बदलायची' यासाठी टाकेबिके लागत नाहीत, पुढच्या फेरीत लिहायचं. त्यानंतर कंट्रोल टप्पा: खेळ चालू असताना घटनांना उत्तर देणं.

मल्टिप्लेअरमध्ये प्रत्येकाच्या संगणकावर तोच हिशेब सेकंदाला ६० वेळा होतो आणि जाळ्यावरून फक्त खेळाडूंच्या हालचाली जातात. म्हणून मॉडची नेहमीची चूकही ठरलेली: जी माहिती सेव्हमध्ये जायला हवी ती 'स्टोरेज' टेबलऐवजी (२.० च्या आधी त्याचं नाव 'ग्लोबल' होतं) फाइलच्या लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवणं. नंतर येऊन मिळालेल्या खेळाडूकडे ती नसते, हिशेब जुळत नाही, डीसिंक. दुसरी चूक: प्रत्येक टिकला (हिशेबाच्या फेरीला) हजार यंत्रं तपासणं. 'दर अमुक टिकला' ही घटना घ्या आणि यंत्रं गटागटाने वाटा.

इथे इंजिन आतून कसं आहे याची मॉडवाल्याला फिकीरच नाही. दार कुठे आहे ते कागदावर लिहिलंय, बस.

जुनं_१७१०

आणि दाराबाहेर काही करायचं असलं तर? बेल्टचं गणित बदलून दाखवा, रेंडरर बदलून दाखवा. फॅक्टोरियोत कंपनीने दार पाडून दिलं तरच. माइनक्राफ्टमध्ये सोडियम या मॉडने अख्खा चंक रेंडरर बदलला, कुणाची परवानगी न घेता. नुसता बाइटकोड वाचता येतो म्हणून. बेडरॉकचंच बघा: सी++, ॲड-ऑनला जेसन आणि जावास्क्रिप्टची दारं, पण जावावर निघतात तसे मॉड तिथे होत नाहीत.

कारखानदार

मान्य. पण तुमच्या स्वातंत्र्याची किंमत तुम्ही प्रत्येक व्हर्जनला भरता. १.२०.५ ला वस्तूंवरची एनबीटी (टॅगच्या रूपातली माहिती) जाऊन कंपोनंट (ठरलेल्या साच्यातली माहिती) आले, तेव्हा साधा 'तलवारीत चार्ज साठवणारा' मॉडही नव्याने लिहावा लागला ना? आणि जुन्या जगातला चार्ज?

मिक्सिनमास्तर

जुना चार्ज हरवत नाही, पण सापडतही नाही. खेळाचा डेटाफिक्सर (जुनं जग नव्या व्हर्जनला नेणारा कोड) स्वतःच्या टॅगचं रूपांतर करतो, अनोळखी टॅग उचलून 'कस्टम डेटा' कंपोनंटमध्ये टाकतो. मॉडने वस्तू पहिल्यांदा हातात येताच तिथे डोकवायचं, जुना टॅग दिसला तर आपल्या कंपोनंटमध्ये हलवायचा आणि तिथला पुसायचा. दहा ओळींचं काम आहे, बरेच जण करत नाहीत.

जुनं_१७१०

किंमत भरायची नसेल तर तिसरा मार्ग आहे: थांबा. १.७.१० हे २०१४ चं व्हर्जन. त्यानंतर १.८ ने मॉडेल जेसनमध्ये नेली आणि एक्स-वाय-झेड तीन आकड्यांच्या जागी सगळीकडे ब्लॉकपॉस आणला. कोड म्हणून ते सरस होतं. पण यंत्रं-पाइपांचे मोठे मॉड थेट कोडातून चित्र काढायचे, त्यांचं अर्धं घर पडलं. लोक १.७.१० वरच राहिले. पुढे १.१२.२ ला तेच झालं, कारण १.१३ ने जुने आकडी आयडी आणि मेटाडेटा काढले. म्हणजे मोजँगने सगळ्यात चांगली साफसफाई केली की समाज बरोबर तिथेच दुभंगतो.

ग्रेगटेक न्यू होरायझन्स हा मॉडपॅक आजही १.७.१० वर आहे, आणि तो जावा १७ व पुढच्या जावावर चालतो. जुन्या खेळातले दोष हॉजपॉज मॉड दुरुस्त करतो, रेंडरिंग अँजेलिका बघतो. खाली काही हलत नाही हे पक्कं असल्यामुळेच हे जमतं. गोठलेला गचाळ कोड हलत्या सुबक कोडापेक्षा मॉडला बरा, हे माझं ठाम मत.

मर्यादा माणसाला कशी वाकवते तेही तिथेच दिसतं. ब्लॉक आयडी ४०९६, प्रत्येकाला मेटाडेटा चार बिट म्हणजे १६. शेकडो यंत्रं बसवायची कुठे? ग्रेगटेकने सगळी यंत्रं एकाच ब्लॉकखाली घातली आणि खरी ओळख टाइल एंटिटीत (ब्लॉकसोबतच्या जादा माहितीत) ठेवली. मर्यादा वाढवणारे मॉड आहेत, १.७.१० ला नॉट इनफ आयडीज, १.१२.२ ला जस्ट इनफ आयडीज. पण ते चंक सेव्ह करण्याची पद्धतच बदलतात. एकदा लावून जग उघडलंत की ते मॉड पुन्हा काढायचे नाहीत, ब्लॉकांची खिचडी होते.

रेडस्टोनवाली

ठाम मताला छोटीशी टाचणी: गोठलेल्या व्हर्जनवर सुरक्षेच्या दुरुस्त्या कुणी करायच्या? २०२३ चं ब्लीडिंगपाइप हे भगदाड आठवा. १.७.१० आणि १.१२.२ चे काही मॉड नेटवर्कवरून आलेलं पॅकेट थेट जावाच्या ऑब्जेक्ट-इनपुट-स्ट्रीमने उलगडत होते. म्हणजे सर्व्हरवर परक्याचा कोड चालवायला आवतणच. पॅकेट वाचताना आकडा, स्ट्रिंग असं एकेक काढा, आणि स्ट्रिंगची कमाल लांबी द्या. याला व्हर्जनचं बंधन नाही.

जुनं_१७१०

टाचणी टोचली :) मान्य.

लिपीवेडी

सगळे यंत्रांतच रमलात. मराठी माणसाला गचाळ गृहीतक जिथे रोज दिसतं ती जागा सांगू? चॅट बॉक्स.

जावा एडिशनमध्ये पाटीवर 'त्रिशक्ती' लिहा. जोडाक्षरं सुटी पडतात, हलन्त उघडा दिसतो, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी यायची ती मागे जाऊन बसते. फाँट बदलून फरक पडत नाही, कारण दोष फाँटचा नाहीच. अक्षर छापणारा कोड स्ट्रिंगमधला एकेक कोडपॉइंट (युनिकोडमधलं सुटं चिन्ह) उचलतो, त्याचं चित्र काढतो, रुंदीइतका पुढे सरकतो. एक कोडपॉइंट, एक चित्र. इंग्रजीला पुरेसं. देवनागरीत 'त्रि' म्हणजे त, हलन्त, र, वेलांटी असे चार कोडपॉइंट आणि दिसायला एकच अक्षर. अरबीसाठी उजवीकडून डावीकडे मांडणी आणि अक्षरजोडणी आहे, आपल्यासाठी शेपिंगच (चिन्हं जोडून अक्षराला आकार देणं) नाही.

यात मॉडवाल्याने काय करायचं? फक्त छापणारं फंक्शन बदलून भागत नाही. ओळ कुठे मोडायची ते रुंदी मोजून ठरतं, रुंदी पुन्हा सुट्या कोडपॉइंटांची बेरीज. कर्सर कुठे दिसावा, बॅकस्पेसने किती पुसावं, माउसने कुठे क्लिक झालं, सगळीकडे तेच गृहीतक. म्हणून अर्धवट केलेल्या मॉडमध्ये 'क्ष' नीट दिसतो पण कर्सर त्याच्या दोन घरं पुढे लुकलुकतो. मॉडर्न यूआय मॉडने अख्खं टेक्स्ट इंजिन बदललं, तेव्हा कुठे जमलं. ते लावलं की मग चॅटची रुंदी स्वतः मोजणारे इतर मॉड चुकतात, ते ओघानं आलंच.

खोदकामगार

हे २५६ चंच भावंड की! गृहीतक एकच, पसरलेलं शंभर ठिकाणी. रेडस्टोनच्या धुळीसारखं एका खोलीत असतं तर कधीच बदलून झालं असतं.

कारखानदार

+१. देवनागरीचं उदाहरण जपून ठेवतोय.

नवशिका_२१

आता शेवटचं विचारतो. मोजँगने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की जावा एडिशनचं ऑब्फस्केशन (कोडातली नावं लपवणं) काढणार, आणि २६.१ (वर्षावरून आकडा दिलेलं नवं व्हर्जन) पासून नावं उघडी. मग आता मॉड तुटणं थांबेल ना?

मिक्सिनमास्तर

नाही. नावं वाचता येतील, एवढंच. आधी खेळाच्या फाइलमध्ये क्लासची नावं ए, बी, सी अशी असायची. फोर्ज या दुसऱ्या लोडरच्या जुन्या मॉडमध्ये फंक_७०-हजार-अमुक अशी मधली नावं, त्यावर समाजाने दिलेली वाचनीय नावं, असे तीन थर. २०१९ मध्ये १.१४.४ पासून मोजँग स्वतः नावांची यादी देऊ लागलं, पण पॅरामीटरची नावं त्यात नव्हती. ती पार्चमेंट प्रकल्पाने पुरवली. आता हे थर गळून पडतील, बिल्ड हलकं होईल, क्रॅशचा लॉग सरळ वाचता येईल. पण नाव उघडं असणं म्हणजे 'हे फंक्शन पुढच्या व्हर्जनला असेल' असं वचन नाही. कोड हलायचा तेवढा हलणारच.

आज नवा मॉड सुरू करत असाल तर खेळाच्या क्लासला शिवणारा सगळा कोड एका पॅकेजमध्ये कोंडा, आपलं गणित त्याच्या बाहेर. प्रायव्हेट फील्डसाठी रिफ्लेक्शन (खेळ चालू असताना नावाने शोधणं) नको, ॲक्सेस वाइडनर किंवा ॲक्सेसर मिक्सिन घ्या. फील्ड गायब झालं तर बिल्ड करतानाच कळतं, खेळाडूच्या संगणकावर नाही.

आणि फॅब्रिकच्या मॉड-जेसनमध्ये खेळाचं व्हर्जन ~१.२१.१ असं लिहू नका. त्या नागमोडीचा अर्थ '१.२१.१ पासून १.२२ च्या आतलं काहीही', म्हणजे १.२१.११ सुद्धा चालेल म्हणून लोडर आत सोडतो. आणि १.२१.१ ते १.२१.११ मध्ये किती मोडतोड झाली ते तुम्हाला माहीत आहेच. नेमकं व्हर्जन लिहा.

नवशिका_२१

नागमोडी काढली. आणि वर ज्या १.२०.४ च्या मॉडने क्रॅश केला होता, त्याच्या जेसनमध्ये आत्ता बघितलं. तिथे ~१.२० लिहिलंय.

मिक्सिनमास्तर

लोडरने अडवायला हवा होता तो, पण गेटवर पाटीच तशी लावलेली. लेखकाच्या इश्यू ट्रॅकरवर टाका, लॉगसकट.